नागपुरात बिऱ्हाड कोठे करावे?

खेड्यातले राहते घर तसेच ठेवून शहरात दुसरे बिऱ्हाड करावयाचे ठरले म्हणजे घरात प्रथम विचार होतो पैशाचा, मागून मुलांच्या शिक्षणाचा. आणि राहावयाचे नेमके कोठे हा विचार बहुधा भांडी पोत्यात भरून झाल्यावर होतो. शहर ठरले की सर्व ठरले, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. परंतु नागपुरास राहणाऱ्या मनुष्याचा दिवस काही सगळ्या नागपुरात जात नाही. तो जातो दोन-चार रस्त्यांत, एका किराणा दुकानात, एका दवाखान्यात आणि पाच-सात शेजाऱ्यांत. एवढे ज्याला बरे लाभले त्याला नागपूर चांगले. ज्याला ते वाईट लाभले तो पुढे वीस वर्षे साऱ्या शहराला बोल लावीत बसतो. गेले वर्षभर आमच्या घरी या एकाच प्रश्नावर खल चालला होता. ज्यांच्या घरी अद्याप तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात, त्यांना त्यातून काही घेण्यासारखे सापडेल असे वाटल्यावरून तो येथे मांडीत आहोत.

आमचे घर सानगडीचे. भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातले हे गाव. जुन्या किल्ल्याचे अवशेष, तलाव आणि चोहोंकडे धानाच्या बांध्या, एवढे सांगितले म्हणजे गावाचे चित्र पुरे होते. येथून कोणतेही मोठे काम निघाले की वाट एकच. साकोलीस येऊन हमरस्ता धरावयाचा आणि लाखनी, भंडारा करीत नागपूर गाठावयाचे. या रस्त्यास पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणत, आता ५३ म्हणतात. अंतर मात्र होते तेवढेच, शंभर किलोमीटरांच्या वर, आहे. कचेरीच्या कामाला किंवा लग्नाच्या बस्त्याला एवढे अंतर काहीच नव्हे. परंतु आमच्या काकूंची मूत्रपिंडे थकली, आठवड्यातून दोनदा नागपुरास डायलिसिसला नेणे प्राप्त झाले, आणि तेच अंतर अंगावर येऊ लागले. पहाटे चारला निघून रात्री नऊला घरात पाऊल टाकणारी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई तक्रार करीत नाही, म्हणून तिला त्रास होत नाही असे थोडेच आहे! त्याच सुमारास पुतण्याला मिहानमध्ये नोकरी लागली आणि कन्येचा महाविद्यालयातील प्रवेश निश्चित झाला. तेव्हा ठरले ते असे की, दादा व वहिनी शेती पाहत सानगडीसच राहतील. काकू, मुले व आम्ही उभयता नागपुरास जाऊ. वाटणी कशाचीच नाही. घर एकच, दारे दोन.

हे ठरताच सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. नात्यातील बहुतेकांचे म्हणणे, जावयाचे तर धरमपेठेस जा. सुशिक्षितांची वस्ती, जवळ शाळा, वाचनालये, भाजीबाजार, सर्व काही हाताशी. कोणी लक्ष्मीनगर सुचविले, कोणी प्रतापनगर. पुतण्याचा ओढा मनीषनगर-बेश्याकडे, कारण तेथून मिहान जवळ आणि नव्या इमारतींना लिफ्ट. आमच्या पुण्याच्या मेहुण्यांनी तर विदर्भ सोडूनच द्या असे कळविले. त्यांचे मत कोणी मागितले नव्हते. दादा तेवढे काही बोलले नाहीत. ते फक्त म्हणाले, “तांदळाचे पोते घेऊन मी कोणत्या बाजूने शिरू, ते सांगा.”

हा प्रश्न ऐकून सारे हसले. परंतु त्यात नागपूरचा अर्धा इतिहास आहे, असे आमचे मत पुढे फिरून-फिरून झाले.

नागपूर हे मुळात गावे जोडून झालेले शहर. देवगडच्या बख्त बुलंद शाहाने १७०२ साली राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र करून ते वसविले. भोसल्यांचे राज्य झाले तेव्हा राजवाड्याभोवती महाल वाढला आणि दरबारी लोकांचे वाडे तेथे उठले. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही नावे बाजाराच्या वारांवरून पडली. इंग्रजांनी १८६१ साली मध्य प्रांत निर्माण करून नागपूर त्याची राजधानी केली. त्यांचे साहेब लोक सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे, मोकळ्या हवेत राहू लागले. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. ती मिल आज नाही. परंतु जुन्या शहराला मजुरीसाठी येणाऱ्या माणसांची जी सवय तिने लावली ती सुटलेली नाही. पुढे १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला आणि आखीव रस्त्यांच्या वस्त्या पडू लागल्या. ‘ले-आउट’ हा शब्द तेव्हापासून नागपुरी बोलीत इतका मुरला की, ज्याला इंग्रजीचे अक्षर येत नाही तोही आपला पत्ता सांगताना तो सहज वापरतो.

या साऱ्यातून एक गोष्ट आम्हांस फिरताना दिसत गेली. मनुष्य ज्या रस्त्याने शहरात आला, पुष्कळदा त्याच रस्त्याच्या तोंडाशी तो राहिला. पारडी, कळमना, वाठोडा या बाजूंस चहाच्या टपरीवर उभे राहावे, तर भंडारा-गोंदियाची बोली कानी पडते, आणि छत्तीसगढीही. (गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला खरा, परंतु बोली काही वेगळी झाली नाही.) अमरावतीकडून आलेल्यांची घरे पश्चिमेस अधिक आढळतात. गावचे नाते शिल्लक आहे तोवर गावाकडची बाजू माणसाला सोडवत नाही, हे त्याचे साधे कारण. रोवणीच्या दिवसांत रात्री अवेळी निघावे लागते, गावातील कोणी रुग्णालयात आणले तर डबा पोचवावा लागतो, धान विकले की तांदूळ येतो, दिवाळीनंतर मंडई असते. ज्याला यांपैकी काहीच उरले नाही त्याने खुशाल शहराच्या कोणत्याही टोकास राहावे. दादांचे पोते भर दुपारी सबंध नागपूर ओलांडून पश्चिमेस न्यावयाचे म्हणजे टेम्पोवाला तांदळाच्या किमतीएवढे भाडे मागेल, असे दादाच म्हणाले. त्यात अतिशयोक्ती आहे. परंतु फार नाही.

दुसरा विचार पाण्याचा. आम्ही तलावांच्या मुलखातले लोक, म्हणून कदाचित आम्हांस तो इतरांहून जास्त सुचत असेल. भंडाऱ्याकडे कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. १९५१ साली मालगुजारी गेली आणि ते सरकारी दप्तरात ‘माजी मालगुजारी’ झाले. लोक आद्याक्षरे जुळवून त्यांस ‘मामा तलाव’ म्हणतात. असल्या मुलखात वाढलेल्या मुलाला न शिकविता कळते की, तलाव पाहावा तो पाळीवरून नव्हे, सांडव्याखालून. पाणी साठते कोठे हे सर्वांनाच दिसते. सुटले म्हणजे जाते कोठे, हे ज्याची बांधी खाली आहे त्यालाच ठाऊक असते.

नागपुरातील घर दाखविणाऱ्या दलालांना हे ठाऊक नव्हते, किंवा सांगावयाचे नव्हते. अंबाझरीचा तलाव १८७० च्या सुमारास शहराला पाणी पुरविण्यासाठी बांधण्यात आला. पुढे शहर कन्हान व पेंचच्या पाण्यावर गेले आणि अंबाझरी ही फिरावयास जाण्याची जागा होऊन बसली. तिच्या पायथ्याशी नाग नदीच्या दोन्ही अंगांस उत्तमोत्तम घरे उठली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे थोड्या तासांत शंभर मिलिमीटरांवर पाऊस कोसळला, तलाव सांडव्यावरून ओसंडला, आणि ज्या वस्त्यांचे भाव शहरात सर्वांत चढे त्यांतल्याच काहींत माणसे झोपेतून उठली ती कमरेएवढ्या पाण्यात. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, त्याखालचा भाग, सीताबर्डीचे मोरभवन बसस्थानकदेखील पाण्याखाली गेले. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे त्या रात्री काय झाले असेल, या विचाराने वर्तमानपत्र वाचताना आमच्या घरी कोणी जेवले नाही. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले, सांडव्यासमोरील बांधकामांची चर्चा झाली. ते सर्व असो. आम्ही मात्र तेव्हापासून धरमपेठेच्या त्या बाजूची तळमजल्यावरील घरे यादीतून काढून टाकली. आणि काकूंना जिना चढवत नसल्यामुळे तळमजला तर आम्हांस हवाच होता. नाग नदी पश्चिमेकडून पूर्वेस वाहते, म्हणजे पूर्वेकडील वस्त्याही काही सुटल्या नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येक ठिकाणी घरमालकास न विचारता कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यास विचारीत असू, “त्या दिवशी पाणी कोठवर आले होते?” इस्त्रीवाला भिंतीवर बोट ठेवून दाखवी. या बाबतीत घरमालकांची स्मरणशक्ती आम्हांस विशेष बरी आढळली नाही.

शहराच्या दक्षिण टोकाच्या नव्या वस्त्यांची अडचण याच्या उलट. तेथे पाणी येत नाही हीच तक्रार. बेसा, बेलतरोडी या बाजूंनी इमारती आधी उभ्या राहिल्या आणि नळ मागून निघाले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावयाची. नागपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांस सांगावयास नको की, तेथे कूलर ही चैनीची वस्तू नसून पंचेचाळीस अंशांच्या उन्हात श्वास घेण्याचे साधन आहे, आणि त्या कूलरलाही पाणी लागते. पुतण्याला लिफ्टचा मोह पडला होता. त्याला आम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी दोन वाजता त्याच इमारतीत पाठविले. परत आल्यावर त्याने लिफ्टचे नाव काढले नाही.

जमिनीच्या कागदपत्रांविषयी लिहावे तर स्वतंत्र लेख होईल. एवढेच सांगतो की, नागपुरात ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे घरमालकांच्या तोंडी मंत्रासारखे असतात. हे परवानगीविना पडलेल्या व पुढे नियमित करावयास घेतलेल्या ले-आउटांचे आकडे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने पुष्कळांची सोय झाली. परंतु प्रन्यासाचे नियमितीकरणाचे पत्र, ज्यास तेथे ‘आरएल’ म्हणतात, ते हाती असल्यावाचून आणि आखीव पत्रिका वा सात-बारा स्वतः पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. आम्ही प्रथम भाड्याने राहण्याचा निश्चय केला याचे एक कारण हेही आहे. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे काढल्यावाचून वस्ती कळत नाही. आणि घेतलेले घर, भाड्याच्या घरासारखे, अकरा महिन्यांनी परत करता येत नाही.

येथवर घरात मतभेद होते ते सोयी-गैरसोयीचे. एका गोष्टीवरून मात्र खरोखरच दोन तट पडले. कोणत्याही वस्तीचे नाव निघाले की आमच्या नात्यातील वडीलमाणसे प्रथम विचारीत, “तेथे आपली माणसे आहेत का?” हा प्रश्न केवळ दुराग्रहाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परक्या शहरात श्राद्धपक्षाला गुरुजी मिळणे, हळदीकुंकवाला चार बायका येणे, सौभाग्यवती आजारी पडल्या तर शेजारून वरणभात येणे, यांत मोठा आधार असतो. महालातील वाड्यांनी, मागून धंतोली-धरमपेठेने तो आधार अनेक कुटुंबांना दिला. आमचे आजोबा शिकावयास नागपुरास आले तेव्हा ते अशाच एका वाड्यात वार लावून जेवत असत. त्या ऋणाची जाणीव आम्हांस आहे.

परंतु घर शोधताना एक अनुभव आला. दक्षिण भागात एक उत्तम तळमजला मिळाला. ओसरीला ऊन नाही, दोन खोल्यांना स्वतंत्र दार, रुग्णालय हाकेवर. घरमालकांनी आमचे आडनाव विचारले, ते ऐकून त्यांचा चेहरा खुलला, आणि भाडेही पाचशे रुपयांनी उतरले. बाहेर पडल्यावर दलाल मोठ्या कौतुकाने म्हणाला, कालच एका मास्तरांना हे घर नाही म्हणून सांगितले. माणूस सज्जन, पगार चांगला, पण आडनाव जुळले नाही. तेथून दीक्षाभूमी दूर नव्हती. जेथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी लोकांसह धम्मदीक्षा घेतली, त्या शहरात इतक्या वर्षांनी एका शिक्षकाला आपले नाव सांगताच दाराबाहेर व्हावे लागते, आणि त्याच दारातून आम्हांस चहा मिळतो, हे आम्हांस पचले नाही. ते घर घ्यावयाचे नाही असे आम्ही त्याच दिवशी सांगून टाकले.

घरी आल्यावर आत्याबाई रागावल्या. तुमच्या नकाराने त्या मास्तरांना काही ते घर मिळणार नाही, आजारी बाईचे हाल मात्र वाढतील, असे त्या म्हणाल्या. पहिली गोष्ट खरी होती आणि दुसरीही खरी ठरण्याचा संभव होता. आमच्याजवळ तिला चोख उत्तर नव्हते, आजही नाही. दादा म्हणाले, “सोवळे पाळावयाचे ते आपल्या स्वयंपाकघरात पाळू, सबंध आळीकडून कशाला पाळवून घ्यावयाचे?” आत्याबाईंना ते पटले नाही. शेवटी काकूंना विचारले. त्या पडल्या होत्या, पडल्या-पडल्याच म्हणाल्या, “रात्री दोनला माझ्यासाठी हाक मारलीस तर ओ कोण देईल, तेवढे बघ रे बाबा. ओ देणाऱ्याचे आडनाव मी नाही विचारायची.” आत्याबाई त्यानंतर दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत, काकूंशी मात्र बोलत होत्या.

काकूंच्या या बोलण्याने आमच्या शोधाला एकदम दिशा मिळाली, असे म्हटले पाहिजे. तोवर आम्ही वस्त्या मोजीत होतो त्या मिळवत्या माणसाच्या पायांनी, नाही तर शिकत्या मुलीच्या. त्यांना पाय आहेत. ते बसने जातील, मेट्रोने जातील, पाऊण तास अधिक लागला तर कुरकुरतील आणि जातील. ज्याला जेमतेम शंभर पावले चालता येतात त्याची शंभर पावले कोठे पडतात, हे आम्ही पाहू लागलो. मग निराळ्याच गोष्टी दिसावयास लागल्या. दारापासून रस्त्यापर्यंत उंबरठे किती? फूटपाथ आहे की त्यावर दुचाक्या? देऊळ चालत जाण्याजोगे आहे का, आणि तेथे टेकावयास कट्टा आहे का? संध्याकाळी बायका दारात बसतात की दारे लावून आत? धंतोलीत रुग्णालये पावलोपावली आहेत. परंतु त्यांच्यामुळेच मोटारींची इतकी दाटी असते की, म्हाताऱ्या माणसाने रस्ता ओलांडावा कसा हा प्रश्न पडतो. पश्चिमेकडील काही सुंदर वस्त्यांत आम्ही संध्याकाळी तासभर उभे राहिलो, तर कुत्री फिरविणाऱ्या नोकरांखेरीज कोणी दिसले नाही.

अखेर हनुमाननगरात, मेडिकल चौकापासून रिक्षाने दहा मिनिटांच्या आत, एक जुने घर मिळाले. ते सुंदर नाही. स्वयंपाकघर अरुंद आहे, आणि सौभाग्यवतींचे त्याविषयीचे मत त्या येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगत असतात. पण तळमजला आहे. २०२३ च्या पावसात अंगणात घोटाभर पाणी साचले ते तासाभरात ओसरले, असे समोरच्या इस्त्रीवाल्याने सांगितले व घरमालकीणबाईंनीही लपविले नाही. दादांना गावाकडून येताना सीताबर्डी लागत नाही; पारडीवरून रिंग रोडला वळून वाठोडा, दिघोरी करीत ते थेट येतात. पुतण्याला मिहान पूर्वी ठरविले होते त्याहून दूर पडते. कन्या बसने सीताबर्डीस जाऊन तेथून पश्चिमेची मेट्रो धरते, आणि धरमपेठेत राहणाऱ्या मैत्रिणी पायी महाविद्यालयात पोचतात हे आम्हांस आठवड्यातून एकदा तरी ऐकविते. त्या दोघांचे नुकसान झाले आहे हे आम्ही त्यांच्यापुढे कबूल करतो. ते दुसऱ्या कशाने भरून निघते असे त्यांना समजावीत नाही.

शेजारी एक सेवानिवृत्त रेल्वे गार्ड आहेत, पलीकडे साकोलीकडचेच एक कोहळी कुटुंब, समोर शिवणकाम करणाऱ्या एक बाई. पहिल्याच महिन्यात एका रात्री काकूंना धाप लागली, तेव्हा हाक मारण्याआधीच गार्डसाहेब बॅटरी घेऊन फाटकाशी आले होते. अंगणातील दिवा लागलेला त्यांनी पाहिला. आत्याबाई मागल्या पंधरवड्यात चार दिवस राहून गेल्या. शिवणकामाच्या बाईंकडून त्यांनी दोन झंपर शिवून घेतले, शिलाईवरून घासाघीस केली, आणि बाकी विषय काढला नाही.

भाड्याचा करार अकरा महिन्यांचा आहे. घर विकत घ्यावयाचे की नाही हे पुढला पावसाळा पाहून ठरेल. तूर्त वहिनींनी सानगडीस भिंतीवर पंचांग आणि त्याच्या शेजारी रुग्णालयाचे वेळापत्रक अशी दोन्ही टांगली आहेत. मंडईला सर्वांनी गावी यावयाचे हा त्यांचा हुकूम आहे, आणि त्या आठवड्यात काकूंचे वार कोणते येतात हे त्यांनी आताच पाहून ठेवले आहे. सोमवार आणि गुरुवार येतात. मंडई शुक्रवारी आहे.